'पक'ने निवडणूक फिरवली का, आणि फिरवली असेल तर ते बंद का पडले?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. उपयोजित कलेच्या प्रबंधासाठी आपण न्यूयॉर्कच्या 'पक' या व्यंगचित्र-साप्ताहिकाचा अभ्यास करत आहात आणि वाचनात आपल्याला दोन विधाने सापडली आहेत. पहिले असे की 'पक'च्या चित्रांमुळे १८८४ची अध्यक्षीय निवडणूक फिरली. दुसरे असे की वाचकांना कंटाळा आल्यामुळे ते १९१८ मध्ये बंद पडले. अध्यक्ष कोण व्हावा हे ठरवू शकणारे साप्ताहिक केवळ कंटाळ्याने कसे संपेल, असे आपण विचारले आहे.

मी शिळाछाप (लिथोग्राफी) चित्रांचे जतन आणि सूचीकरण करतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी व्यंगचित्रांचे कागद माझ्या हाताखालून बरेच गेले आहेत, म्हणून हे उत्तर इतिहासकाराच्या नव्हे तर छापील कागद रोज हाताळणाऱ्याच्या बाजूने आहे असे समजावे. माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे या साप्ताहिकाचे सामर्थ्य नेमके कशात होते हे निश्चित करणे. ते एकदा कळले की कोणत्या मर्यादेत त्याचा प्रभाव पडला आणि ते सामर्थ्य पुढे कोणाकडे गेले, या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात.

मात्र काही गोष्टी आपण काय पाहता यावर अवलंबून आहेत. 'पक' १८८२चे की १९०४चे की १९१५चे, यावर उत्तर बदलते, कारण मालक, संपादक आणि छपाईचे तंत्र या काळात बदलत गेले. 'प्रभाव' म्हणजे मतदाराचे मत बदलणे, आधीच बनलेल्या मताला दृश्य रूप देणे, की राजकारण्यांना धास्ती वाटणे, यावरही ते बदलते. यांपैकी पहिली गोष्ट चित्रावरून सिद्ध करता येत नाही. दुसरी आणि तिसरी बऱ्याच अंशी दाखवून देता येते.

साप्ताहिकाचे संस्थापक जोसेफ केप्लर हे १८३८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले चित्रकार होते, आणि त्यांनी रंगभूमीवर नट म्हणूनही काम केले होते. त्यांच्या चित्रांतील मांडणी एखाद्या प्रवेशासारखी का दिसते, म्हणजे प्रकाश कोठून येतो, कोणते पात्र पुढे आहे आणि घोळका कोठे उभा आहे याची इतकी जाण कोठून आली, याचे उत्तर मला त्यांच्या नटपणात दिसते. १८६०च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत सेंट लुइस येथे आले. तेथे जर्मन भाषेत त्यांनी काढलेली नियतकालिके टिकली नाहीत, आणि त्यांपैकीच एकाचे नाव 'पक' होते. नंतर न्यूयॉर्कला फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र प्रकाशनांत नोकरी करताना त्यांची अॅडॉल्फ श्वार्त्समान यांच्याशी गाठ पडली. श्वार्त्समान छपाई आणि व्यवहार या दोन्हींत मुरलेले होते. या दोघांनी सप्टेंबर १८७६ मध्ये जर्मन 'पक' आणि मार्च १८७७ मध्ये इंग्रजी 'पक' सुरू केले. नाव शेक्सपियरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकातील खोडकर पात्राचे होते आणि बोधवाक्यही त्याच पात्राच्या तोंडचे होते: ही मर्त्य माणसे किती मूर्ख आहेत! इंग्रजी अंकाची किंमत दहा सेंट होती, मुखपृष्ठावर एक चित्र, मधल्या जोडपानावर एक आणि मलपृष्ठावर एक अशी तीन मोठी चित्रे दर आठवड्याला असत, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा बराचसा भार केप्लर एकटे उचलत.

आता छपाईविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात प्रबंध लिहिणारे बहुतेक विद्यार्थी हा भाग दोन ओळींत संपवतात आणि पुढे त्यांना 'पक'चे वेगळेपण समजावून सांगता येत नाही. त्या काळी अमेरिकेतील सर्वात नामवंत व्यंगचित्रकार 'हार्पर्स वीकली'चे थॉमस नास्ट होते. १८७१ मध्ये न्यूयॉर्क शहराचा कारभार लुबाडणाऱ्या ट्वीड या पुढाऱ्याच्या टोळीविरुद्ध त्यांनी काढलेली चित्रे आजही छापली जातात. पण त्यांची चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरली जात. लहान ठोकळे एकमेकांना जोडून मोठा पृष्ठभाग तयार करायचा, त्यावर चित्र काढायचे, आणि मग कारागिरांनी रेषा न रेषा कोरून काढायची, अशी ती रीत होती. चित्रकाराचा हात आणि कागदावरची रेषा यांच्या मध्ये नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी हात असे, आणि परिणाम काळ्या-पांढऱ्यातच मिळे.

शिळाछापात तसे नसते. बव्हेरियातून येणाऱ्या चुनखडीच्या घासून गुळगुळीत केलेल्या शिळेवर चित्रकार तेलकट खडूने किंवा शाईने थेट चित्र काढतो, मात्र ते उलटे, कारण छापल्यावर ते सुलटे होते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या एका तत्त्वावर बाकीची क्रिया चालते: ओल्या शिळेवर शाई फक्त तेलकट जागी धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा लागते आणि सर्व छाप एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. 'पक'ची चित्रे आरंभी काळीच होती, पुढे त्यांत एकदोन छटा आल्या, आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीस ती पुरती रंगीत झाली. भिंग लावून पाहिल्यास खडूचा दाणेदार पोत आणि हाताने दिलेले ठिपके स्पष्ट दिसतात. आपल्याकडेही हे तंत्र त्याच काळात रुजत होते. पुण्याचे चित्रशाळा प्रेस १८७८ मध्ये सुरू झाले आणि रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत. देवादिकांची चित्रे छापताना रंग जुळवण्यासाठी येथील कारागिरांना जे कष्ट पडत, तेच कष्ट न्यूयॉर्कमध्ये दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी अंक बाहेर काढण्यासाठी घेतले जात होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण रंगीत राजकीय चित्र दर आठवड्याला देणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, आणि ते नियमाने जमवणारे पहिले यशस्वी अमेरिकी नियतकालिक 'पक' होते.

याच्या जोडीला शब्द होते. १८७८ पासून हेन्री कायलर बनर संपादक होते आणि १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. ज्या विषयावर मधले चित्र असे, त्यावर त्यांच्या विभागात स्फुट असे. चित्र वेगळे काढून पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. माझ्याकडे अंकातून कापलेले सुटे पान आले की मी आधी त्याच तारखेच्या पूर्ण अंकाची प्रतिमा शोधतो आणि संपादकीय मजकूर, शेजारची लहान चित्रे, जाहिराती हे सर्व पाहतो, मगच नोंद लिहितो. आपणही तसेच करावे, असा माझा आग्रह आहे.

आता १८८४. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ठरलेले जेम्स ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांशी असलेल्या आर्थिक संबंधांचे आरोप १८७६ पासूनच होते आणि त्याविषयीची पत्रे 'मलिगन पत्रे' म्हणून प्रसिद्ध होती. हे सर्व लोकांना माहीत होते, पण माहिती विखुरलेली आणि किचकट होती. 'पक'चे बर्नहार्ड गिलम यांनी ब्लेन यांना अंगभर गोंदलेला माणूस म्हणून दाखवले, आणि एकेक आरोप म्हणजे कातडीवरचे एकेक गोंदण. यातील सर्वात गाजलेले चित्र ४ जून १८८४ या तारखेच्या अंकात आहे. फ्रेंच चित्रकार जेरोम यांच्या १८६१च्या चित्रात अथेन्सच्या न्यायसभेपुढे फ्रायनी या प्राचीन ग्रीक गणिकेवरील वस्त्र दूर केले जाते. त्याच रचनेत गिलम यांनी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक व्हाइटलॉ रीड हे शिकागोच्या न्यायाधीशांपुढे ब्लेन यांच्यावरील वस्त्र काढून घेताना दाखवले आहेत. त्याच आठवड्यात शिकागोत पक्षाचे अधिवेशन चालू होते आणि ६ जूनला ब्लेन यांना उमेदवारी मिळाली. पुढे निवडणूक संपेपर्यंत गोंदलेले ब्लेन पुन्हा पुन्हा येत राहिले.

निकाल डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या बाजूने लागला: २१९ निर्वाचक मते (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मते) विरुद्ध १८२. त्यांतील ३६ मते एकट्या न्यूयॉर्क राज्याची होती, आणि त्या राज्यात अकरा लाखांहून अधिक मतदान होऊन फरक हजार-बाराशे मतांचा होता. एवढ्या थोड्या फरकात कोणतेही एक कारण निर्णायक ठरवता येते आणि प्रत्येक कारणाला ते श्रेय मिळालेही आहे. ब्लेन यांच्यावर नाराज झालेले सुधारणावादी रिपब्लिकन फुटून निघाले होते. नास्ट यांचे 'हार्पर्स वीकली'ही या वेळी क्लीव्हलँड यांच्या बाजूला होते. २९ ऑक्टोबरला एका पाद्र्याने ब्लेन यांच्या उपस्थितीत विरोधी पक्षाची सांगड दारू, रोमन कॅथलिक धर्म आणि बंडखोरी यांच्याशी घातल्यामुळे न्यूयॉर्कचे आयरिश कॅथलिक मतदार दुखावले गेले. या सर्वांतून 'पक'चा वाटा वेगळा मोजून काढणे कोणालाही शक्य नाही. म्हणून 'निवडणूक फिरवली' हे वाक्य आपल्या प्रबंधात लिहू नका, एवढे मी ठामपणे सांगेन.

पण दुसरा पुरावा आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. प्रभाव किती होता हे पाहताना मी विरोधकांनी त्यानंतर काय केले हे पाहतो. 'पक'मधून बाहेर पडलेले जेम्स अल्बर्ट वेल्स यांनी इतरांसोबत १८८१ मध्ये 'जज' नावाचे तशाच रूपाचे साप्ताहिक काढले होते आणि ते रखडत चालले होते. १८८४च्या पराभवानंतर विल्यम आर्केल यांनी रिपब्लिकन पाठबळावर ते घेतले, आणि गोंदलेल्या ब्लेनचे जनक गिलम तसेच युजीन झिमरमन हे दोघे 'पक' सोडून 'जज'मध्ये गेले. ज्याने आपल्या उमेदवाराची सर्वाधिक बदनामी केली त्याच चित्रकाराला आपल्याकडे ओढणाऱ्या लोकांना रंगीत चित्राचे मोल किती वाटत होते, हे यातून दिसते. मतदारांवरील परिणाम अनिश्चित असला तरी राजकारण्यांवरील परिणाम निश्चित आहे, असे मी यावरून म्हणतो.

त्याच निवडणुकीत आणखी एक चित्र आहे, ज्याकडे 'पक'चे अभ्यासक पुरेसे लक्ष देत नाहीत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी जोसेफ पुलित्झर यांच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाने पहिल्या पानावर वॉल्ट मॅक्डूगल यांचे चित्र छापले. आदल्या रात्री डेल्मोनिको या भोजनगृहात धनाढ्यांनी ब्लेन यांना मेजवानी दिली होती, आणि ती बायबलमधील बेलशस्सर राजाच्या मेजवानीच्या रूपात दाखवली होती. चित्र काळे-पांढरे होते, रेखाटनही केप्लर यांच्या तोडीचे नव्हते, पण घटना घडली त्याच्या दुसऱ्याच सकाळी ते लोकांच्या हातात होते, आणि डेमोक्रॅटिक पक्षाने ते मोठे करून शहरभर लावले. अनेक शिळांवर काम करणाऱ्या साप्ताहिकाला इतक्या घाईने रंगीत चित्र देता आले नसते. 'पक' ज्या वर्षी सर्वात बलवान होते, त्याच वर्षी त्याचा खरा प्रतिस्पर्धी दिसू लागला होता.

तरीही पुढील दहा वर्षे भरभराटीची होती. न्यूयॉर्कमध्ये हाउस्टन रस्त्याच्या कोपऱ्यावर वास्तुरचनाकार अल्बर्ट वॅग्नर यांनी बांधलेली लाल विटांची 'पक' इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. चित्रे छापणारी ऑटमान ही शिळाछाप कंपनीही तेथेच होती, म्हणजे चित्रकार, संपादक आणि छापखाना एका छताखाली आले. ती इमारत आजही आहे आणि हातात आरसा व लेखणी घेतलेली पकची सोनेरी मूर्तीही आहे. २३ जानेवारी १८८९ या तारखेचे केप्लर यांचे 'सिनेटचे धनी' हे चित्र याच काळातले. पैशांच्या थैल्यांसारख्या फुगलेल्या पोटांचे प्रचंड ट्रस्ट, म्हणजे पोलाद, तांबे, खनिज तेल, साखर, कोळसा यांचे मक्तेदार उद्योगसमूह, सभागृहाच्या मागे उभे आहेत, पुढे सिनेटर लहान मुलांएवढे दिसतात, आणि वर जनतेच्या प्रवेशाचे दार कुलूपबंद आहे. त्या वेळी सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जात. मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा जुलै १८९० मध्ये झाला आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३च्या घटनादुरुस्तीने आली. कायदा चित्रामुळे झाला असे कोणी म्हटल्यास मी तेही मान्य करणार नाही, कारण ट्रस्टविरुद्धचा असंतोष शेतकऱ्यांत आणि राज्यांच्या विधिमंडळांत आधीपासून होता. पण आजही त्या विषयावरील पाठ्यपुस्तक हेच चित्र छापते, आणि असंतोषाला कायमचा चेहरा मिळाला तो येथे.

येथवरचे सांगायचे तर, 'पक'चे बळ हे विखुरलेला युक्तिवाद एका भव्य रंगीत दृश्यात गोळा करून दर आठवड्याला घरोघर पोहोचवण्यात होते. त्याच बळाची एक गडद बाजू आहे, आणि ती प्रबंधात टाळू नये. एका दृश्यात माणसांचा समूह पटकन ओळखू यावा यासाठी चित्रकार ठरीव साचे वापरत, आणि त्यांत आयरिश लोक वानरासारख्या जबड्यांचे, कॅथलिक धर्मगुरू कपटी असे दिसतात. फ्रेडरिक ऑपर यांचे ९ मे १८८३चे आयरिश मोलकरणीचे चित्र पाहा: धिप्पाड बाई मूठ उगारून उभी आहे आणि मालकीण घाबरली आहे. दुसरीकडे याच साप्ताहिकात केप्लर यांचे ११ जानेवारी १८९३चे चित्र आहे, ज्यात बोटीतून उतरणाऱ्या नव्या स्थलांतरिताला किनाऱ्यावरचे श्रीमंत हात आडवे करून अडवतात, आणि त्या श्रीमंतांच्या मागे त्यांच्याच दरिद्री पूर्वरूपांच्या सावल्या पडलेल्या आहेत. केप्लर स्वतः स्थलांतरित होते. या दोन्ही चित्रांना एकाच प्रकरणात जागा द्यावी. एक वगळून दुसरे दाखवणे म्हणजे साप्ताहिकाची खोटी ओळख करून देणे होय.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात 'पक'ने स्वतःची इमारत उभारून मे ते ऑक्टोबर तेथूनच वेगळा साप्ताहिक अंक काढला. त्यानंतर फेब्रुवारी १८९४ मध्ये केप्लर वारले, १८९६ मध्ये बनर गेले आणि जर्मन आवृत्ती १८९७ मध्ये थांबली. जर्मन वाचकांच्या नव्या पिढीला इंग्रजी येत होते, हे त्यामागचे एक कारण मला दिसते. केप्लर यांचे पुत्र उडो यांनी वडिलांचे नाव धारण करून काम पुढे चालवले, आणि ते दुबळे चित्रकार मुळीच नव्हते. स्टँडर्ड ऑइल या खनिज तेलाच्या बलाढ्य कंपनीला अष्टपाद सागरी प्राण्याच्या रूपात दाखवणारे ७ सप्टेंबर १९०४चे चित्र त्यांचेच आहे. तेव्हा केवळ प्रतिभा आटली असे म्हणणे चुकीचे ठरेल.

दरम्यान बाहेरचे जग बदलले होते. १८८३ मध्ये निघालेल्या 'लाइफ' या विनोदी साप्ताहिकाने छायाचित्रण-पद्धतीने जस्तावर उतरवलेली काळी रेखाचित्रे छापून शिळांचा खर्चच टाळला. पुलित्झर यांच्या 'वर्ल्ड'ने १८९३ पासून आणि वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या 'जर्नल'ने १८९६ पासून रविवारची रंगीत पुरवणी दिली. रंगीत चित्रासाठी दहा सेंट मोजणाऱ्या वाचकाला आता तेवढाच रंग, वर बातम्या आणि चित्रमालिका, रविवारच्या दैनिकात त्याहून स्वस्तात मिळू लागल्या. चित्रकारही तिकडे गेले: अठरा वर्षांहून अधिक काळ 'पक'मध्ये काढलेले ऑपर १८९९ मध्ये हर्स्ट यांच्याकडे गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'हॅपी हूलिगन' ही अतिशय लोकप्रिय मालिका सुरू केली. 'वाचक कंटाळले' या विधानाला माझा आक्षेप येथे आहे. वाचकांना रंगीत व्यंगचित्र पूर्वीइतकेच हवे होते, फक्त ते त्यांना दुसरीकडे मिळत होते.

शेवटच्या वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केप्लर घराण्याने मालकी सोडली आणि ती स्ट्राउस कुटुंबाकडे गेली. त्या काळात आधुनिक कला आणि नाट्यसमीक्षा यांकडे झुकलेले 'पक' रूपाने देखणे आहे, आणि २० फेब्रुवारी १९१५चे हेन्री मायर यांचे स्त्री-मताधिकारावरील 'जागृती' हे जोडपान मी सर्वोत्तम चित्रांत धरतो: मशाल घेतलेली स्त्री पश्चिमेकडील राज्यांवरून पूर्वेकडे पावले टाकत येते आणि अंधारातल्या स्त्रिया तिच्याकडे हात उंचावतात. पण अशी पाने तुरळक झाली होती. पुढे 'पक' हर्स्ट यांच्या कंपनीने विकत घेतले, आणि सप्टेंबर १९१८ मध्ये त्याच कंपनीने ते बंद केले. १९३१ पासून हर्स्ट वृत्तपत्रांच्या रविवारच्या रंगीत चित्रपुरवणीला 'पक' हेच नाव देण्यात आले.

प्रबंधाच्या मांडणीविषयी एक सूचना करतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'पक'ची मुख्य चित्रे चांगल्या दर्जात महाजालावर खुली ठेवली आहेत. तेथून गिलम यांचे ४ जून १८८४चे चित्र घ्या, आणि मॅक्डूगल यांचे ३० ऑक्टोबरचे चित्र वृत्तपत्रसंग्रहांतून मिळवा. दोन्ही मूळ आकारात छापून शेजारी लावा. पहिल्यातील गोंदणांवरची अक्षरे वाचायला किती वेळ लागतो आणि दुसऱ्याचा आशय कळायला किती, हे आपल्या वर्गमित्रांना काही न सांगता तपासा. त्या दोन वेळांतील फरकावर आपले दुसरे प्रकरण उभे राहू शकेल.